‘सगळी पोती चांगली नाहीत’ म्हणजे नेमकं काय? (अकरावी तर्कशास्त्र, मदत हवी)

हरिपूर_रोड · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मुलगी सांगलीत अकरावी कला शाखेत आहे आणि तिने तर्कशास्त्र घेतलंय. आमच्या घरात हा विषय आजवर कोणी शिकलेलं नाही. तिची एक शंका गेले तीन दिवस घरात फिरतेय, म्हणून इथे विचारते.

चाचणीत प्रश्न होता: ‘सर्व पोती चांगली आहेत’ या विधानाचा व्याघात लिहा. व्याघात म्हणजे असं दुसरं विधान, की दोन्ही एकदम खरी होऊ शकत नाहीत आणि दोन्ही एकदम खोटीही होऊ शकत नाहीत. मार्केट यार्डातलं उदाहरण सरांनी मुद्दाम घेतलं असणार, वर्गात निम्मी मुलं तिथलीच आहेत.

लेकीने लिहिलं, ‘सर्व पोती चांगली नाहीत.’ त्यावर लाल फुली, आणि शेजारी सरांच्या अक्षरात ‘काही पोती चांगली नाहीत’. ती म्हणते, मी तेच तर लिहिलंय!

माझे वडील चाळीस वर्षं हळदीच्या अडतीत होते. ते तिच्या बाजूने आहेत. म्हणाले, “सगळी पोती चांगली न्हाईत म्हटलं की घेणारा समजतो, चारदोन खराब हायत. सगळा माल परत कोण नेतंय?” पण सरांना ते वाक्य ‘एकही पोतं चांगलं नाही’ असं वाटलं. एका गुणाचं काही नाही. तिला आणि मला कळून घ्यायचंय की चूक नेमकी कुठे आहे.

मिरजेचा_गणितवाला · सोमवार, रात्री १०.१५

ताई, आधी मुलीचं कौतुक. एका फुलीवर तीन दिवस विचार करणारी मुलं कमी असतात.

शंभर पोती डोळ्यांसमोर आणा. त्यांच्याबद्दल चार तऱ्हेची विधानं करता येतात. सगळी चांगली आहेत. एकही चांगलं नाही. काही चांगली आहेत. काही चांगली नाहीत. लॅटिनमध्ये होकाराला ‘अफिर्मो’ आणि नकाराला ‘नेगो’, त्या शब्दांतले स्वर घेऊन यांना ए, ई, आय, ओ अशी अक्षरं दिलेली आहेत. दोन्ही होकारी विधानं ए आणि आय, दोन्ही नकारी ई आणि ओ.

आता समजा शंभरातली तीन खराब निघाली. ‘सगळी चांगली’ हे खोटं ठरलं. ‘एकही चांगलं नाही’ हेही खोटंच, कारण सत्त्याण्णव चांगली आहेत. दोन्ही एकदम खोटी झाली, म्हणून ती जोडी व्याघाताची नाही. ते दोन टोकांचे विरोधी, मधे भरपूर जागा. ‘सगळी चांगली’ आणि ‘काही चांगली नाहीत’ या जोडीत मात्र मधे जागाच नाही. एक खोटं पडलं की दुसरं खरं झालंच. सर्व खोडायला एक पोतं पुरतं.

सरांची अपेक्षा बरोबर आहे. मुलीच्या मनातलंही बरोबर आहे. कागदावर उतरलेलं वाक्य दोन्हीकडे झुकतं, घोटाळा तिथे झालाय.

माहुली_संगम · सोमवार, रात्री १०.३२

आम्ही सातारकर. ‘सर्व सातारकरांना कंदी पेढा आवडतो’ हे विधान खोडायला मी एकटा पुरेसा आहे. मला पेढा चालत नाही, लाडू आवडतो. झाला व्याघात सिद्ध!

बेदाणा_तासगाव · सोमवार, रात्री १०.५०

मी आजोबांच्या बाजूचा. बेदाण्याच्या सौद्यात बॉक्स फोडून दाणं हातावर घेऊन बघत्यात. ‘सगळा माल एकसारखा न्हाई’ असं घेणारा बोलला की त्याचा अर्थ एकच, काही बॉक्समधी रंग कमी हाय. मराठीत ते वाक्य सरळ हाय. फुली मारायची गरज नव्हती.

मिरजेचा_गणितवाला · सोमवार, रात्री ११.०५

@बेदाणा_तासगाव, तुमच्या वाक्यात ‘एकसारखा’ आहे, आणि एकसारखेपणा एका दाण्यात बसत नाही, दोन दाण्यांमध्ये असतो. ‘हाताची पाचही बोटं सारखी नसतात’ म्हणतो तसं. असले संबंध त्या चार खणांत मावत नाहीत. ऑगस्टस डी मॉर्गन यांनी एकोणिसाव्या शतकात संबंधांच्या तर्कशास्त्रावर काम केलं ते यासाठीच. त्यांचा जन्म १८०६ चा, आपल्या मदुराईचा.

‘सगळा माल चांगला नाही’ घ्या, मग बोलू.

सज्जनगड_पायथा · मंगळवार, सकाळी ६.२०

‘चकाकतं ते सगळंच सोनं नसतं.’

ही म्हण सरांच्या पद्धतीने वाचली तर चकाकणारी एकही वस्तू सोन्याची नाही, म्हणजे सोनं चकाकतच नाही! असा अर्थ आजपर्यंत कोणी लावला नाही. ‘सगळी माणसं वाईट नसतात’ यातही तसंच. वाक्यात ‘सगळी’ आणि शेवटी ‘नाही’ आलं की मराठी माणूस ‘काही नाहीत’ असंच ऐकतो. माझं मत मुलीला गुण द्यावा.

खणभाग_जुना · मंगळवार, सकाळी ७.४५

@सज्जनगड_पायथा, नेहमी नाही हो. शेजारीण विचारते, “पोरं दिसत नाहीत?” मी म्हणते, “सगळी पोरं घरात नाहीत, मामाकडे गेलीत.” इथे एकही घरात नाही असाच अर्थ. वाक्याची ठेवण तीच, अर्थ दुसऱ्या टोकाचा. पुढचं ‘मामाकडे गेलीत’ नसतं तर तुम्हीही अडला असता.

सज्जनगड_पायथा · मंगळवार, सकाळी ८.०२

मान्य. हे उदाहरण माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कराडचा_वकील · मंगळवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत वाचतोय. आमच्या धंद्यात या एका वाक्यावर माणसं वर्षं घालवतात.

एका करारात अट होती, ‘सर्व हप्ते मुदतीत न भरल्यास करार रद्द समजावा.’ माझ्या पक्षकाराचे अकरा हप्ते वेळेत, बारावा चार दिवस उशिरा. समोरचे म्हणाले, सर्व हप्ते मुदतीत भरले गेले नाहीत, करार रद्द. आम्ही म्हटलं, सर्व हप्ते चुकलेले नाहीत, एकच चुकलाय. दोघंही त्याच ओळीवर बोट ठेवून बोलत होतो. शेवटी तडजोड झाली, पण त्या माणसाची झोप दोन वर्षं गेली. मसुदा करणाऱ्याने ‘कोणताही एक हप्ता’ असे शब्द घातले असते तर भांडणच नव्हतं.

अर्जाच्या सूचनांतही हेच. ‘रहिवासी दाखला आणि सातबारा नसल्यास अर्ज बाद.’ दोन्ही नसतील तर बाद, की एक नसला तरी बाद? गणितवाले सर वर ज्यांचं नाव घेऊन गेले त्या डी मॉर्गनचा नियमच आहे: ‘आणि’ने जोडलेल्या गोष्टींचा एकत्र नकार केला की ‘किंवा’ होतो. ‘दाखला आहे आणि सातबारा आहे’ याचा नकार ‘दाखला नाही किंवा सातबारा नाही’. लिहिणाऱ्याला हेच म्हणायचं असतं. वाचणारा म्हातारा मात्र एकच कागद घेऊन रांगेत उभा राहतो, आणि दुपारी परत जातो.

म्हणून ताई, माझं मत सज्जनगडकरांच्या उलट. मुलीला आत्ताच सवय लागू दे. लिहिताना समोर आजोबा नसतात, त्यांचा आवाज नसतो, नुसता कागद असतो.

साधंच_बोला · मंगळवार, दुपारी २.३०

सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो. पोटापाण्याला याचा उपयोग काय? मुलगी हुशार दिसते, तिला हिशेब शिकवा, संगणक शिकवा. ‘सर्व’ आणि ‘काही’ यांवर तीन दिवस घालवणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ · मंगळवार, दुपारी ३.१५

@साधंच_बोला, दादा, मी काठाजवळ राहतो. उपयोग सांगतो.

पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर निरोप फिरतो: ‘कोयनेतून विसर्ग बंद आहे, घाबरू नका, पाणी वाढणार नाही.’ हे कशावरून? तर ‘कोयनेतून पाणी सोडलं तर सांगलीत पाणी वाढतं’ हे सगळ्यांना पाठ आहे. बरोबरच आहे ते. पण त्यातून ‘सोडलं नाही तर वाढत नाही’ हे निघत नाही! धरणाच्या खाली केवढा मुलूख आहे. कराडपासून इकडे पडलेला पाऊस धरणाला न विचारता नदीत येतो. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, ती भरून आली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगतं. कोयनेचे दरवाजे बंद असताना सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी चढताना मी स्वतः पाहिलीय.

आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात ‘अजून तसा काही निरोप नाही, म्हणजे तशी काही वेळ नाही’ असं म्हणत लोक थांबले आणि शेवटी होडीतून निघाले. निरोप आला तर धोका आहे, हे खरं. निरोप आला नाही म्हणून धोका नाही, हे कोणी सांगितलं? ‘जर-तर’ उलटं धरलं की असं होतं. मुलांना हे शाळेतच शिकवायला हवं, माझं ठाम मत आहे.

शेरीनाला · मंगळवार, दुपारी ३.४०

पण खरं कारण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा आहे. त्यावर बोला की.

कृष्णाकाठ · मंगळवार, दुपारी ३.५२

तो वाद मोठा आहे, त्याचा वेगळा धागा काढू. इथे पोरीच्या पेपरचं चाललंय.

साधंच_बोला · मंगळवार, संध्याकाळी ६.००

कृष्णाकाठ, तुमचं वाचलं. माझा प्रश्न मागे घेतो. २०१९ ला आम्हीही माधवनगरला पाहुण्यांकडे होतो.

वाईची_मावशी · मंगळवार, रात्री ८.३०

वाईत राहून या धाग्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. इथल्या लक्ष्मणशास्त्री जोशींना सगळा महाराष्ट्र ‘तर्कतीर्थ’ म्हणतो. ती पदवी त्यांनी १९२३ साली कलकत्त्याला न्यायशास्त्राची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राची, परीक्षा देऊन मिळवली. पुढे मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी वाईतच उभं केलं. तेव्हा तर्क आपल्याकडे आजच आलेला नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या पाठशाळेतल्या गुरुजींनी धूर आणि अग्नी घेऊन शिकवलं होतं. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. याला व्याप्ती म्हणतात. आता ते उलटं करा, जिथे अग्नी तिथे धूर. चुकलं! लोहाराच्या भट्टीतून काढलेला लाल गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. पण दुसऱ्या बाजूने उलटवा: जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसं तळं. हे मात्र पक्कं. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात स्वयंपाकघर आणि तळं ही दोन्ही उदाहरणं आहेत. सतराव्या शतकातलं पुस्तक आहे ते, आणि आजही न्यायाची सुरुवात त्याच्यापासून करतात.

आता पोत्यांबद्दल. न्यायात ‘नाही’ म्हणजे अभाव, आणि अभाव म्हटला की ‘कशाचा?’ हे आलंच. ज्याचा अभाव त्याला प्रतियोगी म्हणतात, आणि तो सांगितल्याशिवाय अभावाचं बोलणं पुरं होत नाही. ‘सगळी पोती चांगली नाहीत’ यात काय नाही? चांगलेपणा नाही, की सगळेपणा नाही? लेकीच्या मनात सगळेपणाचा अभाव होता. सरांनी चांगलेपणाचा वाचला. बाळ, पुढच्या वेळी लिहिण्याआधी स्वतःला एवढंच विचार, कशाचं ‘नाही’ मी म्हणतेय?

हरिपूर_रोड · मंगळवार, रात्री ९.१०

मावशी, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचला. लेक उठून वही घेऊन आली आणि ‘कशाचं नाही?’ असं पहिल्या पानावर लिहिलं.

तिने आता चार वाक्यं केलीत, तपासाल का? ‘एकही पोतं चांगलं नाही.’ ‘सगळीच्या सगळी पोती चांगली आहेत असं नाही.’ ‘काही पोती चांगली नाहीत.’ ‘निदान एक पोतं खराब आहे.’ तिचं म्हणणं, पहिलं वेगळं, बाकी तिन्ही एकच.

मिरजेचा_गणितवाला · मंगळवार, रात्री ९.२५

शंभर टक्के बरोबर. ‘... असं नाही’ ही आपल्या भाषेची फार चांगली सोय आहे. आधी पूर्ण विधान बोलून टाकायचं आणि मग सगळ्याला मिळून एक ‘नाही’ लावायचं. नकार कुठवर पोचतो ते स्वच्छ दिसतं.

एक सावधगिरी. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे निदान एक, सगळी असली तरी चालतील. बाजारात ‘काही पोती चांगली आहेत’ म्हटलं की आजोबा लगेच ओळखतील, उरलेली खराब आहेत. पेपरात तसं धरायचं नाही. ‘सगळी चांगली’ खरं असेल तर ‘काही चांगली’ही खरंच असतं.

पेठ_इस्लामपूर · मंगळवार, रात्री ९.४८

आमच्यात जेवायला बसल्यावर “काही भाकऱ्या खाल्ल्या” म्हणणाऱ्याने सगळ्याच खाल्लेल्या असतात. तो तर्कशास्त्राप्रमाणे खरंच बोलतो म्हणायचा!

पुण्यातली_सांगलीकर · मंगळवार, रात्री १०.३०

जर-तर निघालंय तर एक कोडं देते. पीटर वॅसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेलं. मी मराठी करून देते.

टेबलावर चार पत्ते. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटावेच लागतील? गुगल न करता सांगा.

बेदाणा_तासगाव · मंगळवार, रात्री १०.४१

अ आणि ४.

माहुली_संगम · मंगळवार, रात्री १०.४३

अ आणि ४. सोपं आहे.

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री १०.५५

अ नक्की. ४ उलटून काय मिळणार? मागे क निघाला तरी नियम मोडत नाही, व्यंजनाबद्दल नियम काही बोलतच नाही. ७ च्या मागे मात्र स्वर निघाला तर नियम मोडला. अ आणि ७.

पुण्यातली_सांगलीकर · मंगळवार, रात्री ११.००

कृष्णाकाठ बरोबर. वॅसनच्या प्रयोगात दहातल्या एकालाही हे धड जमलं नव्हतं, तेव्हा बाकीच्यांनी वाईट वाटून घेऊ नका.

आता हेच दुसऱ्या रूपात. नियम: मत दिलं असेल तर वय १८ पूर्ण असायला हवं. समोर चौघं. एकाच्या बोटाला शाई आहे, वय माहीत नाही. एकाच्या बोटाला शाई नाही. एक ४० वर्षांचा, एक १७ वर्षांचा, या दोघांचे हात खिशात. कोणाला तपासाल?

बेदाणा_तासगाव · मंगळवार, रात्री ११.०४

शाईवाल्याचं वय, आणि १७ वाल्याचा हात बाहेर काढायला लावणार. चाळीसवाल्याला कशाला तरास द्यायचा?

अरे! हे तेच हाय की. ७ म्हणजे १७ वाला.

पुण्यातली_सांगलीकर · मंगळवार, रात्री ११.१०

तेच! दारू आणि वयाची अट घेऊन असा प्रयोग १९८२ मध्ये झाला तेव्हा बहुतेकांनी बरोबर उत्तर दिलं. तर्क तोच, पण नियम मोडणारा माणूस समोर दिसला की आपल्याला तो पटकन सापडतो. ताई, लेकीला सांगा, अवघड विधान आलं की त्यात माणसं बसवून बघ.

हरिपूर_रोड · बुधवार, दुपारी ४.२०

हे सगळं वडिलांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता ते पेवांवर आले, ते इथे लिहायलाच हवं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात ठेवत. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. हळद भरून तोंडावर फरशी, वर माती. वर्षानुवर्षं माल राहायचा. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हवा कोंडलेली असते. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर आत उतरायचं नाही.

वडील तेव्हा विशीतले. कंदील खाली टेकला, विझला नाही, म्हणून एक हमाल उतरायला निघाला. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्याचा दंड धरला. म्हणाले, “इझला तर मरण हाय एवढंच मला म्हाईत हाय. इझला न्हाई म्हंजी जगणार, आसं मी कवा बोललो?” तास-दीड तास आणखी थांबवलं, कमरेला दोर बांधला, वर दोन माणसं उभी केली आणि मग त्याला सोडलं. वडील सांगताना उजव्या हाताची मूठ आवळून दाखवत होते, दंड कसा धरला ते.

माझे आजोबा चौथी शिकलेले. लेक ऐकत बसली होती. म्हणाली, “आई, पणजोबांनी व्यत्यास आणि नकार दोन्ही वेगळे ठेवले की गं.”

मिरजेचा_गणितवाला · बुधवार, दुपारी ५.०५

ताई, हे मी उद्या वर्गात सांगणार, परवानगी द्या.

दहावीत पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास शिकवतो. तिथे मूळ प्रमेयही खरं आणि व्यत्यासही खरा, त्यामुळे मुलांचा समज होतो की व्यत्यास खराच असतो. मी दरवर्षी सांगतो, तो वेगळा सिद्ध करावा लागतो म्हणून तर वेगळं प्रमेय आहे! पण कंदिलासारखं उदाहरण माझ्याकडे नव्हतं.

कंदिलाची चारही वाक्यं मुलीने मांडावीत. ‘विझला तर धोका आहे’ हे मूळ. ‘धोका असेल तर विझतो’ हा व्यत्यास. ‘विझला नाही तर धोका नाही’ हे हमालाचं. आणि ‘धोका नसेल तर विझत नाही’. पहिलं आणि चौथं एकच बोलतात. मधली दोन एकमेकांशी जुळतात, पण पहिल्यातून निघत नाहीत. एखादा वायू असा असू शकतो की ज्योत जळत राहील आणि माणूस पडेल.

वाईची_मावशी · बुधवार, संध्याकाळी ६.४०

चौथं म्हणजे तळं. दुसरं म्हणजे लोखंडाचा गोळा. ताई, डोळे भरून आले.

कराडचा_वकील · बुधवार, रात्री ८.००

आणि या सगळ्यात आपल्या ‘च’ चं मोल विसरू नका. ‘कंदील जळत राहिला तर उतर’ आणि ‘कंदील जळत राहिला तरच उतर’. पहिल्यात जळता कंदील पुरेसा आहे. दुसऱ्यात तो आवश्यक आहे, पुरेसा असेलच असं नाही. आजोबांच्या मनात ‘तरच’ होतं, हमालाने ‘तर’ ऐकलं. एका अक्षरात माणूस.

विलिंग्डनच्या_मागे · बुधवार, रात्री ९.३०

मी बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय. एक शंका मलाही आहे. पेव रिकामं असेल आणि कोणी म्हणालं, ‘या पेवातली सगळी हळद चांगली आहे’, तर ते खरं की खोटं?

बेदाणा_तासगाव · बुधवार, रात्री ९.३६

हळदच न्हाई तर चांगली कुठली? खोटं.

विलिंग्डनच्या_मागे · बुधवार, रात्री ९.५०

जुन्या पद्धतीत ‘सगळी’ म्हटलं की निदान काहीतरी आहे हे गृहीत असतं, म्हणून ‘सगळी’वरून ‘काही’वर उतरता येतं. एकोणिसाव्या शतकात गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्यापासून पुढे जे तर्कशास्त्र आलं त्यात ते गृहीत धरत नाहीत. तिथे रिकाम्या पेवाबद्दल ‘सगळी चांगली’ खरं धरतात, आणि ‘एकही चांगली नाही’ हेही खरं! खोडायला खराब हळकुंड दाखवा म्हणतात, आणि दाखवायला चांगलंही हळकुंड नाही. मग गणितवाल्या सरांनी सांगितलेलं ‘सगळी’वरून ‘काही’ इथे चालत नाही. व्याघाताची जोडी मात्र तिथेही टिकते.

मिरजेचा_गणितवाला · बुधवार, रात्री १०.१५

खरं आहे, मी वर लिहिताना पोती आहेत असं धरूनच लिहिलं. अकरावीच्या मुलीला आत्ता एवढं पुरे, पण हे लक्षात असू दे.

हरिपूर_रोड · शनिवार, संध्याकाळी ७.१०

काल लेक सरांना भेटली. सोबत वही नेली, चारही वाक्यं, कंदील, सगळं. सरांनी अर्धा तास बसवून ऐकून घेतलं. गुण दिला नाही. म्हणाले, “तुझ्या मनातलं मला कागदावर दिसलं नाही, आणि मी तपासतो कागद.” तिला ते पटलं. मलाही पटलं, वकीलसाहेबांनी आधीच सांगितलं होतं. पण सरांनी तिच्यासमोरच पुढच्या चाचणीचा कागद काढला आणि वर एक सूचना पेनाने लिहिली: ‘सर्व ... नाहीत अशी रचना करू नये. एकही नाही की काही नाहीत, ते स्पष्ट लिहावे.’

आज सकाळी आजोबा-नात हरिपूरला जाऊन आले. २००५ च्या पुरानंतर पेवं कमी होत गेली, तरी एक वडिलांच्या ओळखीचं होतं. फरशी बाजूला सारून बघितलं. रिकामं.

बेदाणा_तासगाव · शनिवार, संध्याकाळी ७.२५

मग सगळी हळद चांगली होती का?

हरिपूर_रोड · शनिवार, संध्याकाळी ७.४०

तिने आजोबांना हेच विचारलं. ते खाली वाकून वास घेऊन म्हणाले, “वास तर चांगल्या हळदीचाच हाय.”